पाठ असलेली पोथी

नवा चष्मा घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात महाविद्यालयातून महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी आलेली एक मुलगी होती. तिने स्वतः बसवलेला हा पहिलाच चष्मा.

"आजोबा, काहीतरी वाचून दाखवा ना."

पिशवीतली नित्यपाठाची पोथी उघडून मी घडाघडा स्तोत्र म्हटले. तिचा चेहरा उजळला. दुकानदार मात्र हसले. "अगं, त्यांना ते पाठ असणार! तू चष्मा तपासलास की पाठांतर?"

ती खट्टू झाली, पण क्षणभरच. मग तिने आपली प्रशिक्षणाची वही माझ्यापुढे धरली. "हे तर पाठ नाही ना, आजोबा?"

अक्षरे धूसर होती. तिने चष्मा उतरवून त्याचे नाकावर टेकणारे आधार हलक्या हाताने वाकवले, तो पुन्हा बसवला, असे तीनदा. मग 'आज काय शिकले' एवढे शब्द स्वच्छ दिसले. पुढची ओळ कोरी होती.

भिंगांचे शास्त्र तिने पुस्तकातून मुखोद्गत केलेच असेल. माझ्या नाकाची ठेवण कोणत्या ग्रंथात सापडणार?

सायंकाळी देवापुढे बसून मी ती पोथी अक्षरावर बोट ठेवीत वाचली. तिसऱ्याच श्लोकात बोट थांबले. तेथील एक अक्षर मी बालपणापासून चुकीचे म्हणत आलो होतो.