काकांची रिकामी पिशवी

वाशीला आमच्या शेजारचे काका कुणालाही विमानतळावर सोडायला यायचे, ते रिकामी कापडी पिशवी घेऊनच. “तपासणीत काय अडवलं, तर ते घरी नको यायला?” म्हणायचे.

ताई परदेशी निघाली, तेव्हा मोठी बॅग जड झाली म्हणून तिने विळी हातातल्या बॅगेत कोंबली होती. तपासणीत पोलिसांनी विळी बाहेर परत पाठवली. घरी आईला विळी देताना काका म्हणाले, “वैनी, पोरगी हसत गेली. टेन्शन नाय.” ताई हुंदके देत आत गेली होती, ते मी काकांच्या शेजारी उभा राहून पाहिलं होतं.

पुढे मी मस्कतला निघालो. माझं काहीच अडवलं नाही. डोळे पुसत वळून पाहिलं. काचेबाहेर काका रिकामी पिशवी घेऊन उभेच होते. आईला काय सांगायचं, ते त्यांचं ठरलेलं होतं.