देवघरातली फुलदाणी

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नाशिक रोडकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. नावं देणार नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत, आणि काहींची मुलं आजही मला पाहून तोंड फिरवतात. फिरवू देत.

फिर्यादी एक निवृत्त डॉक्टर होते. तरुणपणी ते आयर्लंडला शिकले आणि येताना पदवीबरोबर तिकडच्या चिनी मातीच्या शोभेच्या वस्तूंचं वेड घेऊन आले. पुढे देवळाली कॅम्पातले गोरे साहेब घरं आवरून निघाले, तेव्हा त्यांच्या लिलावांतूनही डॉक्टरांनी बरंच काही जमवलं. दिवाणखान्यात त्यासाठी काचेचं कपाट होतं. त्यातली शंखाच्या आकाराची, मोत्यासारखी चमकणारी फुलदाणी नाहीशी झाली होती.

डॉक्टरांनी चहा निवेपर्यंत माझी शिकवणी घेतली. अस्सल वस्तू इतकी पातळ असते की उजेडात धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. तळाला शिक्का असतो : कुत्रा, वीणेसारखं वाद्य आणि उंच मनोरा. काळा शिक्का म्हणजे माल जुना, हिरवा म्हणजे अलीकडचा. तो झिलईच्या खाली असतो, कितीही घासा, जात नाही.

"हे काम जाणकाराचंच," ते म्हणाले. "मुंबईचा कुणीतरी संग्राहक असणार."

त्यांच्या पत्नीला ते पटत नव्हतं. शेजारी पत्नीचा भाऊ, म्हणजे डॉक्टरांचा मेहुणा, बसला होता. मोठा कंत्राटदार, आमच्या वरिष्ठांकडे रोजची ऊठबस. तो म्हणाला, "कसला संग्राहक आणि कसलं काय? धुण्याभांड्याच्या बाईला आत घ्या. दोन ठेवून दिल्या की पोपटासारखी बोलेल."

मी पंचनामा करून ठाण्यावर परतलो, तर बाई आधीच बाकावर बसलेली. वरून फोन आला होता, त्यामुळे भरदिवसा तिच्या वसाहतीत जीप गेली आणि सगळ्या शेजारापाजारासमोर तिला उचलून आणलं. घरची झडतीही झाली होती. मिळालं काहीच नाही.

ठाण्यात महिला पोलीस नव्हती. झाडलोट करणाऱ्या मावशींना शेजारी बसवून मी जबाब घ्यायला सुरुवात केली. बाई रडत नव्हती. मला वाटतं, तिला रडायचा राग येत होता.

"फुलदाणी कुठंय?"

"मला काय म्हाईत? तिच्याशेजारी चांदीची किटली हाय. चोरायचंच असतं तर ती नसती नेली? हा मातीचा शंख नेऊन मी करू काय? आम्ही बुद्धाची माणसं. आमच्यात शंख फुंकत नाय."

"घरात आणखी कोण येतं?"

"ते तुमी हुडका. मारायचं तर मारा साहेब, पण न केलेलं कबूल करनार नाय."

संध्याकाळी आमच्या वरिष्ठ साहेबांनी बोलावलं. "कबुली?"

"नाही सर."

"हात चालत नाही का तुमचा?"

"चालतो सर. आधी डोकं चालवून बघतो."

साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मी बाईला घरी जाऊ दिलं आणि तशी नोंद स्टेशन डायरीत केली.

चोर त्याला कळतं तेच उचलतो, हा माझा अनुभव. जाणकाराने कपाटातल्या आणखीही वस्तू नेल्या असत्या. भुरट्याने चांदी नेली असती. इथे दोन्ही सोडून एक शंख गेला होता. म्हणजे नेणाऱ्याला ती फुलदाणी वाटलीच नव्हती. त्याला तो खराच शंख वाटला होता.

मी साध्या वेषात पंचवटीत गेलो. पूजेच्या सामानाची दुकानं पालथी घालताना एक म्हातारा दुकानदार हसला.

"आला होता की एक जण, शंख दाखवायला. गुरुजींनी त्याला सांगितलेलं, उजवा शंख घरी आण, अडलेली कामं सुटतील. उजवा शंख लाखात एखादा मिळतो. मी बघून म्हटलं, शेठ, वळण उजवं आहे खरं, पण ह्याच्या पोटात वेटोळंच नाही. तर माझ्यावरच डाफरला."

"ओळखता त्याला?"

"त्याला कोण ओळखत नाही?" म्हणत त्याने नाव सांगितलं. डॉक्टरांचा मेहुणाच.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि डॉक्टरांना घेऊन मी त्याच्या बंगल्यावर गेलो. कुठे जातोय हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. दारात जीप थांबली तेव्हाच त्यांना कळलं. मेहुणा देवघराच्या उंबऱ्यावर आडवा उभा राहिला.

"आंघोळीशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही. धर्माचा प्रश्न आहे. उद्या मोर्चा आणीन ठाण्यावर."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "बादली कुठंय?"

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. मी हवालदाराला उंबऱ्यावर उभं केलं, पट्टा आणि बूट काढले, मागच्या नळावर भर थंडीत डोक्यावरून दोन तांबे ओतले आणि ओल्या कपड्यांनिशी देवघरात शिरलो. आडवं यायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं.

शंख पितळी तिवईवर होता. खालच्या अंगाला शेंदराचा जाड थर. मी तो उंबऱ्याबाहेर आणून पंचांसमोर डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी खिडकीशी धरला. पलीकडे त्यांच्या बोटांची सावली दिसली. ओल्या रुमालाने शेंदूर पुसला, तर खाली काळा कुत्रा, वाद्य आणि मनोरा. शंख मिळाला म्हणून डॉक्टरांना आनंद झालेला मी पाहिला नाही. ते मेहुण्याकडेच बघत होते.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरातलं प्रकरण आहे. मिटवून टाका."

मला संताप आला. "ती बाई बाकावर बसली होती तेव्हा मिटवावंसं नाही वाटलं? आता जे सांगायचं ते कोर्टात सांगा."

मुद्देमाल जप्त झाला, अटक झाली. महिनाभरात माझी बदली दूर डोंगरातल्या सुरगाण्याला झाली. सामान बांधताना साहेब म्हणाले, "थोडं वाकायला शिका." मी सलाम ठोकला आणि निघालो.

चोर पकडला की आम्ही फाइल बंद करतो. पण ज्याच्यावर खोटा आळ घेतला, त्याची अब्रू परत पोहोचवल्याशिवाय तपास पुरा होत नाही. हे मला कुठल्या प्रशिक्षणात नाही, त्या बाईने शिकवलं. अटकेच्या दिवशीच मी तिला निरोप धाडला होता, की तुझं नाव सुटलं. ती स्वतः चालत ठाण्यावर आली.

"निरोप मला मिळाला. वसाहतीला कुठं मिळालाय? जीपमधून आनलं ना? आता जीपमधूनच सोडा. उजेडात. आनि मागं नाय बसनार."

मी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः हवालदारासोबत मागे बसलो. वसाहतीत जीप शिरली तशी बायका दारात आल्या. मी खाली उतरून मोठ्याने सांगितलं, "हिने काही चोरलेलं नाही. चोर सापडलाय. आम्ही हिला उगाच नेलं होतं."

बाई सावकाश उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या घरी ऐकू नाय गेलं. परत सांगा."

मी परत सांगितलं.