फोरमनच्या घोड्या

फोरमन उचललेल्या वस्तूखाली कुणाला हात घालू द्यायचे नाहीत. वस्तू कुठलीही असो. लग्नाच्या मांडवात चौघांनी मिळून भाताचं पातेलं चुलीवरून उचललं, की हा माणूस भरल्या पानावरून उठायचा आणि आधी त्याच्याखाली ओंडके सरकवायचा. घरात झाडताना त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, बाज एका बाजूने उचलली, तर हे खाली पाट सरकवून उभे. “धरलंय मी,” असं म्हणणाऱ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “धरलंय म्हंजी कवातरी सुटणार,” असं म्हणायचे आणि परत जेवायला बसायचे.

हेच फोरमन गेल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी स्वतःच्या जीपखाली सापडून वारले. त्यांच्या दोन घोड्या, म्हणजे जॅकने उचललेली गाडी ज्यांच्यावर टेकवतात ती तीन पायांची लोखंडी टेकणी, त्या दिवशी माझ्या पडवीत होत्या. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत नेऊन शेवटी धक्का द्यायचा, ते मला जमत नाही, आणि इथं तर करायचंही नाही.

मी शिक्षिका आहे. घर कळंबला, शाळा येडगावला. आमचे मालक चाकणच्या कंपनीत, ते शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात. त्यामुळे आमची जुनी गाडी मधले सहा दिवस माझ्याच गळ्यात. चार वर्षांपूर्वी घरापासून थोड्या अंतरावर ती पंक्चर झाली. मी गाडीतलाच जॅक लावला, चाक काढलं आणि घरंगळत आत गेलेला नट काढायला हात घातला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “हात भायेर!” असं ओरडलं, की शाळेतल्या चाळीस पोरांवर मीही कधी ओरडले नसेन. वळून पाहिलं तर पांढऱ्या मिशांचा, पायात टायरच्या चपला घातलेला माणूस. गल्लीत येता-जाता दिसलेला, पण ओळख ना पाळख. मी म्हटलं, “अहो, नट आहे तो.” ते म्हणाले, “नट दुकानात मिळतो. हात मिळतो का?” मग काठीने नट बाहेर ओढून माझ्या हातावर ठेवला आणि तरातरा निघून गेले.

पारगावच्या साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त केल्या होत्या. शेवटची काही वर्षं फोरमन होते, तेच नाव राहिलं. खरं नाव मला त्यांच्या दहाव्याच्या पत्रिकेवर कळलं. आमच्यापासून चौथं घर त्यांचं. गाडीचं ऑइल मी स्वतः बदलणार म्हटल्यावर गावात काहीजण हसले. फोरमन हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “बदला की. पर माझ्या पद्धतीनं.”

त्यांची पद्धत म्हणजे जप होता. आधी सपाट फरशी, माती चालायची नाही. “मातीत घोडी रुतती, खाली फळी ठिवा.” मग हँडब्रेक, गिअर, गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना दगडाची उटी. मग जॅक. मग घोड्या, दोन्ही बाजूला सारख्या उंचीवर. मग जॅक हळूहळू सोडून गाडी घोड्यांवर टेकवायची. आणि हे सगळं झाल्यावर गाडीला कमरेने जोरात धक्का द्यायचा. “पडायची आसंल तर आत्ताच पडू दे, आपून भायेर हाय तवर.” विटा लावायला सक्त मनाई. “वीट म्हंजी भाजलेली माती, बाई. सांगून फुटत न्हाई.” मी एकदा विचारलं, की एवढा चांगला जॅक असताना घोड्या कशाला? तर म्हणाले, “जॅक पाव्हणा हाय. उचलून देतो आन जातो. बोजा घरच्यानं धरायचा आसतो.”

गाडीतला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, असं सांगून त्या संक्रांतीआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला मंचरला नेलं. तिथे स्पेअर पार्ट्सचं एक दुकान आहे. मालक शेठ, त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगलं मराठी शिव्यांसकट बोलतात. फोरमननी समोर चार जॅक मांडायला लावले. बाटलीसारखा उभा जॅक त्यांनी लगेच बाजूला केला. “ट्रकला ठीक. तुमची गाडी बुटकी, खाली शिरायचाच न्हाई. आन बूड बारीक.” राहिले चाकांवर सरकणारे. त्यातला एक निवडून त्यांनी शेठचा टेम्पोच उचलला, उंचीशी भिंतीवर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, “आता चहा सांगा.”

“चहा कशाला?” शेठ म्हणाले.

“चहा संपस्तवर खाली येतो का बघू. येक केसभर जरी उतरला तरी नको.”

शेठनी कपाळाला हात लावला. “फोरमन, जॅक घेताय का लेकीला स्थळ बघताय?”

“लेक नांदली न्हाई तर माघारी येती, शेठ. ह्यो नांदला न्हाई तर मानूस माघारी येत न्हाई.”

पहिला जॅक चहाच्या दुसऱ्या घोटालाच नापास झाला. दुसरा पास झाला. तोवर आमचे तीन चहा झाले होते आणि दुकानात आलेली गिऱ्हाइकंही रेघ बघत उभी होती. मी इतकी हसले त्या दिवशी. हे आठवतं तेव्हा मी हसले होते एवढं आठवतं, हसू येत नाही.

घोड्यांचं मात्र जमलं नाही. एका जोडीचं वेल्डिंग त्यांनी नखाने खरवडून दाखवलं. दुसरीचे पाय जवळजवळ होते. “घोडी फाकून उभी पायजे. ही लाजतीय.” तिसरी दात्यांवर वरखाली होणारी, दिसायला फार छान. त्यांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. “दातं झिजल्यालं दिसत न्हाईत. पिनवाल्या घोडीत पिन घातली का न्हाई ते डोळ्याला दिसतं. जे दिसतं ते घ्यावं.” शेठ म्हणाले, पिनवाला चांगला माल मागवतो, पंधरा दिवसांत येईल. परत येताना फोरमननी आपल्या घोड्या स्वतः आमच्या पडवीत आणून ठेवल्या. त्यांनीच पाइप कापून, वेल्ड करून बनवलेल्या, हिरव्या रंगाच्या. “तुमचं येईस्तवर ह्या वापरा. मला आता कुठं रोज लागत्यात?”

शेठचा फोन बरोबर पंधराव्या दिवशी आला. तो शनिवार होता. सकाळची शाळा, दुपार मोकळी, मी निघालेच होते. सासूबाई म्हणाल्या, “शनिवारचं लोखंड घरात आणायचं नाही.” त्यांच्याशी वाद घालायचा कंटाळा आला. रविवारी दुकान बंद. इतर दिवशी मी येडगावहून येणार सहाला, मंचर उलट्या दिशेला, आणि शेठ सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी जातात. अशी सगळी कारणं आहेत माझ्याकडे, पाठ आहेत. खरं हे, की शेठ गेले तरी त्यांचा भाऊ गल्ल्यावर आठ वाजेपर्यंत बसतो, आणि मला कुठल्याही बुधवारी जाता आलं असतं.

फोरमननी घोड्या कधी मागितल्या नाहीत. आमच्याकडे दिलेली वस्तू मागत नाहीत. मागितली की देणाऱ्याचं मन लहान ठरतं. ते वाटेत भेटले की विचारायचे, “बाई, गाडी कशी हाय?” मी म्हणायची, “मस्त.” एकदाच, डिसेंबरात, त्यांनी विचारलं, “शेठचा माल आला का?” माल येऊन तीन आठवडे झाले होते. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं आणि मी म्हणाले, “नाही ना काका, अजून नाही.” ते म्हणाले, “येईल, येईल.” त्यात काही नव्हतं, शाळेतली पोरं वही घरी राहिली म्हणतात तेवढंच ते होतं.

त्या रविवारी मी पोहे करत होते. शेजारची बाई दारातून ओरडली, “फोरमन गाडीखाली गेलं!” मी गॅस बंद केला. पोह्यांवर झाकण ठेवलं. हे मला लख्ख आठवतं, झाकण कुठलं होतं तेसुद्धा. मी पोचले तेव्हा लोकांनी जीप उचलून त्यांना बाहेर काढलं होतं आणि तालुक्याला न्यायची गडबड चालली होती. पण नेऊन उपयोग नाही हे सगळ्यांना दिसत होतं. फरशीवर सिमेंटच्या विटांचे तुकडे पडले होते. जॅक आपला खाली बसलेला. सायलेन्सर वाजत होता, तो फक्त बघायला ते आत गेले होते.

गर्दीत कुणीतरी म्हणालं, “पर फोरमनच्या घोड्या कुठं गेल्या, राव? लोकांना शिकवायचा ह्यो मानूस!” दुसरा म्हणाला, “इकल्या आसतील.” मी त्या दोघांपासून दोन हातांवर उभी होते. तोंड उघडून ‘माझ्याकडे आहेत’ एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मला रडूही आलं नाही. अजून आलेलं नाही. घरी आले, पोहे वाढले, सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ले. पडवीतल्या घोड्यांवर सासूबाईंनी गोणपाट टाकलं होतं. त्या म्हणाल्या, “आता काही बोलू नकोस.” एरवी त्यांचं मी ऐकत नाही.

पुढच्या बुधवारी शाळेतून परस्पर मंचरला गेले आणि घोड्यांची जोडी घेऊन आले. वाकडी वाट धरून पाऊण तास जास्त लागला. पाऊण तास! त्या दिवशी शेठ दुकानात होते. त्यांनी आतून जोडी आणून काउंटरवर ठेवली. वर खडूने ‘बाई’ असं लिहिलं होतं. म्हणाले, “नाताळच्या आसपास फोरमन येऊन गेले. सगळा माल बघितला, ही जोडी पास केली आणि म्हणाले, बाईंसाठी बाजूला ठेवा, शाळेमुळं त्यांना सवड नसंल.” म्हणजे माझं खोटं त्यांना कळलं होतं. त्यानंतरही ते तीन आठवडे रोज भेटले, आणि रोज “गाडी कशी हाय?” एवढंच विचारलं. शेठनी चहा मागवला. मी तो प्यायले की नाही, आठवत नाही.

काकींना सांगायला हवं होतं. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले, त्यांचा मुलगा पुण्याला परत गेला. मी रोज त्यांच्या दारावरून गाडी नेत होते आणि रोज ठरवत होते, उद्या. त्यांना वाटत असणार की घोड्या कुणी चोरल्या, नाहीतर नवऱ्याची बुद्धी फिरली. आपला माणूस वेडेपणाने गेला असं त्यांनी जन्मभर समजायचं आणि मी गप्प बसायचं, हे काही बरोबर नाही. एवढं मला कळत होतं. कळूनही दीड महिना गेला. शेवटी एका दुपारी घोड्या डिकीत टाकल्या आणि चार घरांसाठी गाडी काढली, कारण त्या हातात घेऊन गल्लीतून चालायची हिंमत नव्हती.

काकी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी दोन्ही घोड्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “काकी, ह्या माझ्याकडं होत्या.”

“म्हाईती हाय,” त्या म्हणाल्या.

“नवीन माल आला होता. मी काकांना खोटं सांगितलं, आला नाही म्हणून.”

“त्येबी म्हाईती हाय. मंचरवरनं हासत आलं व्हतं. म्हणलं, बाईंना आपल्याच आवडल्यात, ऱ्हाऊंद्या.” त्यांचा हात थांबला नाही. शेंग सोलायची, दाणे वाटीत, साल खाली. “बसा की.”

मी बसले. माझं सांगून झालं होतं आणि छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. लाज वाटली त्याची, पण वाटलं.

मग काकी शेंगांकडेच बघत बोलायला लागल्या. “त्या दिशी सकाळी चप्पल घालून निघालं व्हतं तुमच्याकडं, घोड्या आणाया. मला भनीकडं जायचं व्हतं, हळदीकुंकवाला, येडगावला. सायलेन्सर वाजत व्हता म्हणून म्हणलं बगतो. मी दारातनं माघारी बोलावलं. म्हणलं, रविवार हाय, बाईंचं मालक आल्यात, सकाळच्या पारी दिल्याली वस्तू मागाया कुणाच्या दारात जाऊ नका, बरं दिसत न्हाई.”

“काकी, तुमचं काय चुकलं त्यात...”

“आयका तर. ते घोड्यांबिगर न्हाईच म्हणत व्हतं, उंद्या बघू म्हणत व्हतं. मीच म्हणलं, येवढं बगायचं तर हाय. संडासाच्या कामाच्या इटा पडल्या व्हत्या मागं. मीच दोन दोन करून आणून दिल्या.” वाटी भरली होती. त्यांनी ती बाजूला सरकवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “ल्येकाला न्हाई सांगितलं. कुणालाच न्हाई.”

घोड्या आमच्या दोघींच्या मधे उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो पदराला पुसत मागे घेतला.

“तुमाला माझ्याकडं येऊन बोलता आलं, बाई,” त्या म्हणाल्या. “मी कुणाकडं जाऊ?”