मातीत ठेवलेली चूक

शिल्पकार नामदेव गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, यातही नामाचा काहीतरी डाव असणार. आणि मी म्हणे त्याचा जिवलग मित्र. दीड महिना झाला, त्याची लाज अजून गेलेली नाही. पण संशयाचं बी त्यानेच पेरलं होतं.

मी कागलला शाळेत चित्रकला शिकवायचो. दर रविवारी एसटीने कोल्हापूरला त्याच्याकडे जायचं, ओल्या फडक्याखालची माती बघायची आणि चूक सांगायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. घोड्याचा मागचा पाय, कुणा पुढाऱ्याचा कान... मी बोट ठेवायचो, तो ‘व्हय की’ म्हणत हात चालवायचा. मी स्वतः काही घडवलं नाही. पण त्याच्या पुतळ्यांत आपली नजर आहे, एवढ्यावरच माझी मान ताठ असायची.

एका रविवारी जयसिंगपूरकडची कमिटी माती पास करायला आली. ओतकामाआधी मातीचा पुतळा बघून गावकऱ्यांनी होकार द्यायचा, त्याला नामा ‘पास करणं’ म्हणायचा. मंडळी चष्मे पुसून बघू लागली. एकाने नेमका फेट्याचा शेमला हेरला. आमच्या आबांचा शेमला या खांद्यावर नसायचा, म्हणाला. नामाने कान पकडले, शेमला तिथल्या तिथे फिरवला, मंडळी खूश होऊन गेली. नाकाडोळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जीप वळल्यावर नामा मला म्हणाला, “मास्तर, एक चूक आपणच ठिवायची. ती घावली की माणसं बाकीच्याला हात लावत न्हाईत.”

मी पोट धरून हसलो. कागलच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते हसू विरलं होतं. मग मी दाखवलेल्या चुकांचं काय?

पुढच्या खेपेला मी मुद्दाम ‘सगळं बरोबर आहे’ म्हणालो. तो घुटमळला, आणि ‘नीट बघा की’ म्हणाला. मी बघितलं नाही. त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक कौतुक मी नाणं वाजवून घ्यावं तसं घेऊ लागलो. सरळ विचारायचं मात्र धाडस झालं नाही. उत्तर ‘व्हय’ आलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं?

पुढे त्याने राहत्या घराचंच संग्रहालय केलं. पुढच्या खोल्यांत साचे, हत्यारं, रेखाटनं. अंगणात चिकूच्या झाडांखाली पुतळ्यांच्या प्रती. तो आणि कमलवहिनी मागच्या दोन खोल्यांत. जिवंतपणी कोण स्वतःची पाटी लावतं, मला हेही खटकलं. तो म्हणाला, मेल्यावर भंगारवाला येण्यापरीस आत्ताच पावणं आलेलं बरं. पावणे बागेत पुतळे बघत, आणि मी हिंडत असे माझ्या जुन्या चुका शोधत... हा पाय मी सांगितलेला, की मी सांगावा म्हणून ठेवलेला?

गेल्या रविवारी कमलवहिनींनी बोलावलं. शेवटचं काम मातीतच राहिलं होतं. तडकू नये म्हणून त्या रोज फडकं भिजवत होत्या. आता मुलाला साचा घ्यायचा होता, आणि मास्तरांनी पास केल्याशिवाय नको, असं वहिनींचं म्हणणं. त्यांनी फडकं काढलं. वहिनींचाच चेहरा होता. मी बघितलं आणि माझं डोकं तडकलं. चमकी उजव्या नाकपुडीत! शेमल्यासारखीच ढोबळ चूक, कमिटीला दाखवतात तशी.

“चमकी चुकली,” मी म्हणालो. “डावीकडं पाहिजे.”

वहिनींनी फक्त माझ्याकडे तोंड केलं. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, तिकडे उजवीकडे टोचतात. नामा गेल्यावर चमकी उतरवली होती. उजव्या नाकपुडीवर तेवढं रिकामं भोक होतं. एवढी वर्षं त्यांच्या हातचा चहा पीत आलो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

मग मी विचारलंच. “वहिनी, खरं सांगा. नामा माझ्यासाठी चुका ठेवायचा?”

“ठेवत हुते की,” त्या म्हणाल्या. “शनिवारी रात्री बसून ठेवायचे. न्हाईतर मास्तर कशाला येतील म्हणायचे, कागलातनं एवढ्या लांब.”

मला रडू आलं, ते लपवावंसंही वाटलं नाही. वहिनी मातीकडे बघत राहिल्या.

“ह्याच्यात ठेवली न्हाई,” त्या म्हणाल्या.

मी मुलाला सांगितलं, साचा घे, कशालाही हात लावू नकोस.