केवळाबाईचं माप

मी तोंडानं फटकळ, हे अख्ख्या दवाखान्याला माहीत होतं. पण केवळाबाईवर त्या दिवशी जेवढी तणतणले, तेवढी दुसऱ्या कुणावर नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि दुष्काळ पडला होता. दवाखाना कागदावर मोठा झाला, नळ मात्र कोरडेच. पाणी टँकरचं. पेशंटला मोजून मिळायचं, सोबतच्यांनी बाहेर रांगेत उभं राहायचं. मी ऑपरेशनवाल्यांच्या वॉर्डची सिस्टर, पंचशीला. केवळाबाई आमची आया, कंधारकडची, अकरा वर्षं रोजंदारीवर. ऑपरेशन झालेल्यांची लघवी मोजायचं काम तिचं. लिहिता-वाचता येत नव्हतं. मापाच्या भांड्यावरच्या रेघा खालून मोजून सांगायची, "शिस्टर, तीन रेघा आन वर जराशी." मी त्याचे आकडे करून चार्टात भरायचे. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "त्यात काय घाण हाय? माणूस जित्ता हाय म्हणून तर येऊन राहिली."

त्या उन्हाळ्यात निलंग्याकडचे रेवणसिद्धप्पा आमच्याकडे होते. आतड्याला पीळ पडलेला, ऑपरेशन चांगलं झालं. तीन दिवस सलाइन, मग तोंडानं पाणी सुरू. दिवसाला दोन लिटर प्यायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. मी सकाळी पाण्याचा जग भरून ठेवायचे, संध्याकाळी रिकामा दिसला की 'दोन लिटर' लिहून मोकळी. इकडं केवळाबाईच्या रेघा मात्र रोज कमी होत चाललेल्या. सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी चार्ट पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आत दोन लिटर आणि बाहेर पाव! किडनी गेली यांची. चार वाजता जीपनं सोलापूरला पाठवा."

टाके ताजे, रस्ता खड्ड्यांचा, वय सत्तरीचं. अप्पा सोलापूरपर्यंत टिकतील का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. अप्पांची बायको शरणम्मा तोंडाला पदर लावून भिंतीशी बसली.

तेवढ्यात केवळाबाई पुढं झाली. "सायेब, किडनी न्हाई गेली. अप्पा तहानलेले हायेत."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी खोटं लिहिते का गं? सहीच्या जागी अंगठा लावतेस, आणि डॉक्टरांना शिकवतेस?"

ती चिडली नाही. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते मी, सायेब. दोन घोटांवर दिस काढायचो. तवा लघवी अशीच व्हायची, जराशी, काळ्या चहावानी. अप्पांची जीभ तरी बघा."

डॉक्टरांनी जीभ पाहिली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग ते म्हणाले, "पाजून बघा. सूज दिसली की थांबायचं. पण जीप चारलाच निघेल."

केवळाबाई स्टूल ओढून बसली, पेला अप्पांच्या तोंडाला लावला. अप्पांनी मान फिरवली.

"मग जगमधलं पाणी जातंय कुठं, अप्पा?"

अप्पांनी हळूच भिंतीकडं पाहिलं. "तिला देतो. परवा रांगेत चक्कर येऊन पडली ती. मला तीन दिस शिरेतून बाटल्याच्या बाटल्या सोडल्यात की तुम्ही. पुरतंय मला तेवढं."

शरणम्मा ताडकन उठली. "मला म्हणले, जास्तीचं हाय, उगं सांडून जाईल! अय्यो, तुमच्या जिवाचं पाणी पाजलं व्हय मला?" नवऱ्यासमोर चारचौघांत तिनं कधी आवाज चढवला नसेल, पण त्या दिवशी सगळा वॉर्ड ऐकत होता. तिनं पेला हातात घेतला. अप्पा म्हातारे हट्टी. "आधी तू."

केवळाबाई उठली, माझ्या टेबलावरचा माझा तांब्या मला न विचारता उचलला आणि शरणम्माच्या हातात दिला. "ही पिऊन राहिली बघा. आता तुमी." मी माझं दिवसभराचं पाणी जाताना बघत राहिले.

अप्पा प्याले. दर थोड्या वेळानं एक पेला, केवळाबाईच्या डोळ्यांदेखत. एक वाजला, दोन वाजले, काहीच नाही. तीनला मी अप्पांच्या पायांना सूज आहे का ते पाहिलं, नव्हती. साडेतीनला जीप दारात येऊन उभी राहिली.

पावणेचारला पडद्याआडून हाक आली. "शिस्टर, हिकडं या. आज तुमीच मोजा."

भांड्यात सहा रेघा होत्या आणि रंग निवळला होता. मला हुंदका आवरेना.

डॉक्टर धावत आले, भांडं पाहिलं, हसले, जीप रिकामी परत पाठवली, आणि मग चार्ट उघडला. "हे दोन लिटर कुणी लिहिले?"

केवळाबाई घाईनं म्हणाली, "सायेब, माझंच काई तरी..."

"मी लिहिले," मी म्हणाले. "रिकामा जग बघून लिहिले. पिताना बघितलं नाही."

डॉक्टरांनी मला असं झापलं की खिडकीबाहेरचे लोक डोकावू लागले. मी मान खाली घालून ऐकत होते, चूक माझीच होती. तेवढ्यात केवळाबाई आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. रोजंदारीची बाई, पण बोट ओठावर ठेवून चक्क डॉक्टरांना म्हणाली, "सायेब, शिस्टरला रागवायचं तर भाईर जाऊन रागवा. अप्पांचा आत्ताच डोळा लागलाय."