विमानांची पाणपोई

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या विमानतळाबाहेर, कापसाच्या वावरांमधल्या एका पांढऱ्या खोलीत नोकरीला होतो. छपरावर अँटेना, आत यंत्रं, आणि काम एकच: नागपूर इथे आहे, हे आभाळाला सतत सांगत राहायचं. वरून जाणाऱ्या विमानातला काटा आमच्या खुणेकडे वळायचा आणि वैमानिकाला वाट कळायची. विमान कुठल्या देशाचं, कुणाचं, हे आमचं यंत्र विचारत नसे. धरमपेठेतून सायकल हाणत, साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालत मी तिथे घामाघूम होऊन पोचायचो. पण वर एखादी पांढरी रेघ दिसली की राग कुठल्या कुठे पळायचा. ज्याचं तोंडही मी कधी पाहणार नव्हतो असा कुणीतरी आमच्या खोलीच्या भरवशावर वळत होता. इतकी वर्षं नोकरी केली, पण त्याचं नवल काही सरलं नाही.

एका वैशाखात यंत्राची धोक्याची घंटा वाजायला लागली. खूण वाकडी जात होती. तारा तपासल्या, यंत्र उघडून पाहिलं, सगळं ठीक. वैतागून बाहेर आलो तर शेजारच्या वावरात टिनांचा कोरा करकरीत मांडव लखलखत होता. त्या पत्र्यांवर आपटून आमची खूण भलतीकडे फाकत होती. आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून तपासणीचं विमान यायचं होतं. त्यात नापास झालो की खूण बंद, आणि वरच्या साऱ्यांनी वाट चाचपडत जायचं.

वावराचा मालक ओळखीचा होता. त्याच्या धाकट्या मुलीचं लग्नही दुसऱ्याच दिवशी होतं.

"भाऊ, हे टिन काढावे लागतील," मी म्हणालो.

"काहून जी?" तो भडकलाच. "मोठीच्या लग्नात वावधनानं कापडाचा मांडव उडवून नेला. वऱ्हाड उन्हात जेवलं. व्याही अजून टोमने मारते तिले. धाकटीच्या टाइमाले मी पक्कं काम केलं, तं तुमी काढा म्हनून राहिले!"

साहेबांनी फोनवर सरळ पोलीस बोलवायला सांगितलं होतं. लग्नघरी पोलीस! माझं डोकंच फिरलं. मी त्याचा हात धरला आणि त्याला आमच्या खोलीत आणून बसवलं. रिसीव्हर लावून खूण ऐकवली. एक लांब सूर, मग आखूड, मग पुन्हा तेच.

"हे कोनासंग बोलून राहिलं?"

"वरून जो जाईल त्याच्याशी."

"आपल्याच इमानासंग?"

"साऱ्यांच्याच. परमुलखातल्याही."

"वळख ना पाळख?"

"ओळख कशाला हवी?"

त्यानं रिसीव्हरला पुन्हा कान लावला. दर उन्हाळ्यात वावराच्या कडेला, निंबाखाली, तो रांजण भरून ठेवायचा. एसटीतले उतारू, बंडीवाले, पायी जाणारे, कुणीही यावं आणि पाणी पिऊन जावं. मीही रोज तिथेच सायकल टेकवायचो.

"म्हंजे तुमची बी पानपोईच झाली म्हना," तो हळूच म्हणाला. "अन् मी तिच्यावर टिन झाकलं, बाप्पा!"

संध्याकाळपर्यंत टिनं उतरली. गावातल्या बायांनी ठेवणीतली लुगडी काढून दिली, ती एकमेकींना शिवून बांबूंवर ताणली. पत्रा निघाला तशी घंटा गप्प झाली. पण त्या कापडाकडे बघताना मला मोठीचा उडालेला मांडवच आठवत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. विमान आलं आणि आमच्याभोवती मोठमोठ्या घिरट्या घालू लागलं. इकडे मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिकडून वारा सुटला. लुगडी फडफडू लागली. खिडकीतून पाहतो तर मुलीकडचे सारे गडी उठून एकेका बांबूला मिठी मारून उभे होते. त्यांच्यामधोमध नवरीवर हिरवी-जांभळी सावली हलत होती. मी काट्याकडे बघू की मांडवाकडे, मला समजेना.

शेवटी रेडिओवर आवाज आला. खूण सरळ होती, पास. मग वैमानिकानं विचारलं, "तुमच्या शेजारी ते रंगीबेरंगी काय पसरलंय?"

"लग्न आहे," मी म्हणालो.

मी धावत मांडवाकडे गेलो. वारा पडला होता, वाजंत्री सुरू झाली होती, वऱ्हाड सावलीत होतं. नवरीचा बाप मात्र बाहेर उन्हात उभा होता. अक्षता तशाच मुठीत धरून तो लांब जाणाऱ्या विमानाकडे बघत होता. मला पाहताच त्यानं विचारलं,

"भेटलं का जी त्याईले पानी?"

"भेटलं," मी म्हणालो.

तेव्हा कुठे तो वळला आणि त्यानं पोरीवर अक्षता टाकल्या.