आक्कानं उपटलेला बटाटा

दिवाळी सरून आठ दिवस झाले होते. आक्काच्या सासरचे एक शेजारी सांगलीच्या पेठेत आले होते, ते वाट वाकडी करून माधवनगरला आमच्या घरी आले आणि दारातच उभे राहिले. "तीन दिसांचा ताप... आक्का गेल्या, ताई," एवढंच म्हणाले. त्यांना पाणी द्यायचंही मला सुचलं नाही. आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळं माझी वेणी घालायची ती आक्कानंच.

तिला साताऱ्याकडं, खटावच्या बाजूला दिली होती. मेहुणे पलटणीबरोबर महायुद्धाच्या लढाईवर गेल्यापासून विहिरीखालचं रान तीच बघायची. तिथं दिवाळीनंतर बटाटा लावतात. बेणं, म्हणजे लावणीचा बटाटा, कापायचं काम नाजूक, प्रत्येक फोडीला कोंबाचा डोळा राहायला हवा. आक्काचा हात त्यात असा बसलेला की शेजारच्या बायका आपापलं बेणं पाटीत घालून तिच्या ओसरीवर यायच्या आणि ती एकाच सुरीनं सगळ्यांचं कापून द्यायची.

लढाईच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी मी बाळाला घेऊन तिच्याकडं राहिले होते. पीक चांगलं वीतभर वाढलेलं, आणि एका दुपारी एका हिरव्यागार झाडानं मान टाकली. संध्याकाळी ते सावरलं, तिसऱ्या दिवशी गेलंच. मग त्याच सरीतलं पुढचं, मग त्याच्या पुढचं... "पाणी जातंय तसं जातंय गं हे," आक्का म्हणाली. बटाटा उकरून कापला तर आत तपकिरी कडं. त्याला तिकडं बांगडी म्हणतात. शेवंताचं, म्हणजे तिच्या जिवाभावाच्या शेजारणीचं रान दुसऱ्या विहिरीवर होतं. तेही असंच सुकलं, आणि आक्काच्या आधी सुकलं.

शेतकी खात्याचे साहेब आले. त्यांनी सुकलेल्या झाडाचा देठ कापून काचेच्या पेल्यात, पाण्यात धरला. थोड्या वेळानं देठातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला. "हाच रोग," साहेब म्हणाले, "मातीतून जातो, पाण्यातून जातो. रोगट बटाटा कापलेल्या सुरीवरनंही जातो." ओसरीवर सात-आठ बायका होत्या. साहेब उठलेही होते. आक्का गप्प राहिली असती तर विषय तिथंच मिटला असता... पण ती म्हणाली, "सुरी माझी व्हती. माझ्या बेण्यात दोन-चार बटाट्यांत कडं दिसलं, त्ये म्या बाजूला टाकलं. आन् त्याच सुरीनं शेवंताचं कापलं." शेवंता पदर सावरत उठली आणि कुणाकडं न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आक्का रानात उतरली. तिच्या रानाखाली त्याच पाटावर आणखी दोघांचा बटाटा उभा होता. तिचे सासरे बांधावरून म्हणाले, "निम्मं तरी हाताला लागंल की, पोरी. थांब जरा."

"मामांजी, माझ्यातनं पाणी खाली जातंय. थांबून कसं चालंल?"

तिनं सगळं पीक उपटलं, चांगलं दिसत होतं तेही. लांब माळावर खड्डा काढून गाडलं. मी बाळाला घेऊन बांधावर बसले होते. ती वर आली तेव्हा हाताची सालं निघाली होती. मला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, "त्यानं दूध घेतलं का गं?"

त्या रानात मग ती ज्वारीच पेरत राहिली. खालच्या दोघांचा बटाटा वाचला. शेवंता मात्र दोन वर्षं बोलली नाही, आणि आक्कानंही कुणाचं बेणं हातात घेतलं नाही. तिसऱ्या वर्षी शेवंता स्वतःच पाटी घेऊन आली. "काप."

"माझ्या हातानं?"

"तुझ्याच. पर मी संगं बसणार."

तेव्हापासून ओसरीवर चूल मांडून आधण ठेवायची रीत पडली. एक बटाटा कापला की सुरी कढत पाण्यात, मगच दुसरा.

परवा मी आक्काच्या सासरी जाऊन आले. मेहुणे लढाईवरून सुखरूप परतलेत, पण पार खचलेत. ओसरीवर शेवंता एकटीच बेणं कापत बसली होती. मी शेजारी टेकले. तिनं सुरी आधणात सोडली आणि वाफेकडं बघत राहिली.

"सुरी पाण्यात असंस्तवर आक्का बोलायची," ती म्हणाली. "तेवढीच सवड. तुझं लय सांगायची."

"काय सांगायची?"

तिनं सुरी बाहेर काढली, बटाटा घेतला, कापला, आत नीट बघितलं. सुरी पुन्हा पाण्यात सोडली, आणि मग सांगायला लागली...